मंडळीच्या सेवाकामात नवीन आहात? सांगली-मिरजेतल्या नवख्यांसाठी

बदली होऊन, नर्सिंग शिकायला, लग्न होऊन किंवा घरातल्या कुणाच्या दुखण्यापायी सांगली-मिरजेत मुक्काम पडलेली ख्रिस्ती कुटुंबं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, सारखी येत असतात. पहिले काही रविवार मागच्या बाकावर बसतात, सगळ्यांशी 'जय ख्रिस्त' होतं, आणि मग एक दिवस विचारतात, "आम्हालाही काहीतरी काम सांगा." त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुराच्या वेळी आणि दवाखान्यात आमच्याबरोबर राबलेले इतर धर्मांचे शेजारीही पुष्कळ आहेत. त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मंडळी लोकांच्या उपयोगी पडते ती तिला घरं माहीत असतात म्हणून. कुठे म्हातारी एकटी राहते, कुणाची फी थकली आहे, कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, हे आधीच ठाऊक असेल तर अडचणीच्या दिवशी कुणाला विचारत बसावं लागत नाही. ते ठाऊक नसेल तर हाताशी कितीही पैसा असला तरी मदत भलत्याच दारात जाते. म्हणून नव्याने येणाऱ्याने कामाची सुरुवात वाटपापासून करू नये, ओळखीपासून करावी.

इथला पिंड समजून घ्या

इथल्या मराठी मंडळ्या दवाखान्याच्या आणि शाळेच्या आवारात वाढल्या. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वान्लेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. जुनी माणसं त्याला अजूनही नुसतं 'मिशन हॉस्पिटल' म्हणतात. पुढे क्षयरोग्यांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी वेगळी रुग्णालयं झाली. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वान्लेसवाडीचं नावही याच डॉक्टरांचं. आज मिरजेत पावलापावलाला दवाखाने आहेत आणि अथणी, चिकोडी, विजापूर, जत, सांगोल्याकडून पेशंट येतात, त्याची मुळं तिथे आहेत. आमच्या बाकांवर निवृत्त नर्स, वॉर्डबॉय, लॅबवाले, शिक्षक भरपूर दिसतील ते यामुळेच. या माणसांना आजाऱ्याशी कसं बोलायचं हे शिकवावं लागत नाही. तुम्हीच त्यांच्याकडून शिका.

शेजारच्या साताऱ्याचाही एक वारसा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, तिथे 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही त्यात जागा होती. सेवेच्या कामात माणसाला धर्म विचारून उभं करायचं नाही, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी करून दाखवलं आहे.

पहिली पायरी: नाव नोंदवा, आणि हाताला काय येतं तेही सांगा

जुन्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र आणलं असेल तर ते पाळकसाहेबांकडे किंवा सेक्रेटरींकडे द्या. नसेल तर मागवा. दोन ओळींचं पत्र असतं, पण पुढे मुलाच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला, वार्षिक सभेत मत द्यायला ते लागतं. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्या भागातल्या पॅरिशच्या कार्यालयात कुटुंबाची नोंद करा आणि फादरना एकदा भेटून या.

नोंद करताना घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट लिहा. मिरजेत रात्री-बेरात्री रक्तासाठी फोन येतात आणि ज्या मंडळीकडे रक्तगटांची यादी तयार असते ती दहा मिनिटांत माणूस पाठवते. त्याच कागदावर तुम्हाला काय येतं तेही लिहा: चारचाकी चालवता येते, शिवणकाम येतं, वायरिंग येतं, मोबाइलवर फॉर्म भरता येतात. कानडी येत असेल तर ते ठळक लिहा. वॉर्डात नुसतं कानडी बोलणारी आजी आणि मराठी बोलणारी नर्स यांच्या मधे उभं राहणारं माणूस फार मोलाचं असतं.

दुसरी पायरी: सूचना कान देऊन ऐका

रविवारच्या उपासनेत नवखा माणूस गीतं शोधण्यात आणि कधी उठायचं, कधी बसायचं हे बघण्यात गुंतलेला असतो. ते दोन-तीन आठवड्यांत जमतं. जुन्या मंडळ्यांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, प्रार्थनेला बायका डोक्यावर पदर घेतात. शेजारी बघून तसं करा, कुणी बोलणार नाही.

सेवाकामाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वेळ सूचनांची. कोण ॲडमिट आहे, कुणाकडे बाळ झालं, या आठवड्याची घरगुती प्रार्थना कुठल्या गल्लीत, महिला मंडळाची सभा कधी, तरुण संघ कुठे निघालाय, हे सगळं तिथे कळतं. छोटी वही ठेवा. उपासना सुटल्यावर लगेच घरी पळू नका. आमच्याकडे आवारात एक टेबल लागतं, निवृत्त नर्स बाई बीपी आणि शुगर तपासतात, आणि त्या टेबलाभोवती मंडळीचा खरा हालहवाल कळतो.

तिसरी पायरी: घरभेट

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बाकीची सगळी कामं इथून निघतात.

घरभेटीला नेहमी दोघांनी जायचं. एक जुनं माणूस, एक नवं. एकट्या बाईच्या घरी जाताना जोडीत बाई असलीच पाहिजे. आदल्या दिवशी फोन करायचा. वेळ संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे चहा झालेला असतो आणि स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. पहिल्या भेटीत काही न्यायचं नाही. हातात पिशवी बघितली की माणूस बोलायचं थांबतो आणि आभार मानायला लागतो. अर्ध्या तासात उठायचं. प्रार्थना करू का, असं विचारायचं. हो म्हटलं तर एखादं स्तोत्र वाचून थोडक्यात करायची. आपल्या प्रार्थनेतून त्यांना उपदेश करायचा नाही.

डोळे मात्र उघडे ठेवायचे. आमच्या भागात एक निवृत्त नर्स आजी आहेत, मुलगा परगावी. दर भेटीत विचारलं की "माझं काय, मी मजेत आहे" म्हणायच्या. एकदा पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर स्टीलची छोटी डबी होती. आत बीपीच्या गोळ्या, प्रत्येक गोळी सुरीने मधोमध कापलेली. महिन्याची गोळी दोन महिने पुरवत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर औषध देणारी बाई! तोंडाने त्या कधीच बोलल्या नसत्या. आम्ही पैसे पुढे केले नाहीत, ते त्यांनी घेतलेही नसते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रातून तीच गोळी कितीतरी स्वस्तात मिळते, हे त्यांना सांगितलं आणि आणून देण्याचं काम तरुण संघातल्या एका मुलीने अंगावर घेतलं. आता ती दर महिन्याला जाते, आणि आजी तिच्या नर्सिंगच्या प्रॅक्टिकलची उजळणी करून घेतात.

भेटीवरून आल्यावर वहीत लिहायचं. तारीख, कोण गेलं, घरात कोण भेटलं, काय हवंय, पुढे कोण आणि कधी करणार. या शेवटच्या रकान्यात नाव पडल्याशिवाय वही मिटायची नाही. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेतल्या जखमी माणसाला उतारशाळेत पोचवलं, खर्चाचे पैसे दिले, आणि परत येताना उरलेलं बघतो असंही सांगितलं. त्या परत येण्याकडे आपलं दुर्लक्ष होतं.

नवराबायकोचं भांडण, कर्ज, मुलीचं प्रेमप्रकरण, दारू यातलं वहीत काहीही लिहायचं नाही. ते फक्त पाळकसाहेबांना सांगायचं, तेही त्या माणसाला विचारून. आणि ऐकलेली गोष्ट "प्रार्थनेचा विषय" म्हणून चारचौघांत मांडायची नाही. मंडळीवरचा विश्वास अशाने उडतो, आणि एकदा उडाला की त्या घराचं दार पुन्हा उघडत नाही.

नोव्हेंबरात घरभेटीला एक जास्तीचं काम जोडलेलं असतं. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला त्या महिन्यात द्यायचा असतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या निघतो, पण पंचाहत्तरीच्या माणसाला ते एकट्याने जमत नाही. ज्यांना मोबाइल चांगला हाताळता येतो अशा नव्या मुलांना आम्ही हेच काम पहिलं देतो.

चौथी पायरी: घरातले प्रसंग

लग्न ठरलं की आईवडील हॉलच्या मागे लागतात. आधी पाळकसाहेबांकडे जा. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने होतात. मुलगा एकवीस पूर्ण, मुलगी अठरा पूर्ण, आधी सूचना, लग्न लावण्याचा अधिकार असलेला पाळक, निदान दोन साक्षीदार, आणि विधी साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत. रजिस्टरवर सह्या झाल्या की दाखल्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या. पासपोर्टच्या वेळी पंधरा वर्षांपूर्वीची नोंद शोधत फिरणारी जोडपी आम्ही बघतो. वधूवरांतलं एक जण ख्रिस्ती नसेल तर पाळकसाहेबांशी मोकळेपणाने बोला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचाही मार्ग आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस असते.

लग्नाआधी दोघांना बसवून बोलणं व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. पगार किती, कर्ज किती, सासू-सासरे कुठे राहणार, मूल कधी, हे प्रश्न मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सच्या आधी विचारले गेले पाहिजेत. आमच्याकडे जुनी जोडपी हे काम करतात. लग्नाला पाच-सात वर्षं झालेले नवीन सभासदही यात चांगले उपयोगी पडतात, कारण त्यांना हप्ते आणि पाळणाघर दोन्ही ठाऊक असतं.

आता दारू आणि मारहाण. मार खाऊन आलेल्या बाईला "प्रार्थना कर, सहन कर, तो सुधारेल" असं सांगून परत पाठवणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. तुम्ही नवीन असाल आणि कुणी जुनं माणूस असं सांगताना दिसलं, तरी गप्प बसू नका. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी बसवा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण मिळतं, हे तिला सांगा. प्रार्थना करायचीच आहे. ती पोलीस ठाण्याच्या बाकावर तिच्याशेजारी बसूनही करता येते. दारू सोडायची इच्छा असलेल्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेची वाट दाखवा. तिथे फी नसते, आणि पहिल्या सभेला सोबत कुणी गेलं तर माणूस दारातून परत फिरत नाही.

रविवारच्या शाळेत शिकवायला सगळ्यांनाच आवडतं. त्याचे नियम कडक आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलाला एकट्याने गाडीवर घरी सोडायचं नाही, मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा संशय आला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीची बदनामी होईल" ही सबब कायद्यालाही चालत नाही आणि देवालाही चालत नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ वर्गाच्या भिंतीवर लावलेला असावा.

पाचवी पायरी: दवाखान्याच्या आवारात

मिरजेत राहून हे काम टाळता येणार नाही. पेशंटची काळजी डॉक्टर-नर्स घेतात. जिन्याखाली चटई टाकून आठ-आठ दिवस राहिलेल्या नातेवाइकांकडे कुणी बघत नाही. त्यांना लागतं ते असं: गरम पाण्याचा थर्मास, दोन भाकरी आणि पातळ आमटी, मोबाइल चार्ज करायची सोय, आंघोळीची जागा, आणि औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन येईपर्यंत पेशंटपाशी बसणारं माणूस. शेवटचं सगळ्यात जास्त लागतं.

पैशांची अडचण कळली तर तीन गोष्टी विचारायला शिका. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का? आयुष्मान कार्ड निघालंय का? आणि रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. हे ॲडमिट झाल्या दिवशीच करायचं. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर धावाधाव करून फार थोडं हाती लागतं.

वॉर्डात दोघांपेक्षा जास्त जाऊ नका. आजार मोठ्याने विचारू नका. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही पाणी हवं का ते विचारा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. डब्याच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही, हा आमचा नियम आहे आणि तो मी अगदी मनापासून पाळते. भुकेल्याला दिलेल्या भाकरीला अट जोडली की ती भाकरी उरत नाही, सौदा होतो.

सहावी पायरी: मयत

मरणाचा निरोप आला की नवखे लोक बिचकतात. आपण काय करणार, असं वाटतं. खरं तर त्या दिवशी मंडळी सगळ्यात जास्त मंडळी असते, आणि कामं इतकी असतात की प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

पहिला फोन पाळकसाहेबांना, दुसरा सेक्रेटरींना, कारण दफनभूमीतली जागा आणि कबर खोदणाऱ्या माणसांशी बोलणं त्यांच्याकडे असतं. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घेतल्याशिवाय पुढे काही हलत नाही, तो एकाने धावून आणायचा. पेटीचं माप सुताराला कळवायचं. पांढरं कापड, फुलं, मेणबत्त्या, खांदेकरी. पावसाळ्यात इथल्या काळ्या मातीत खोदलेल्या खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि तळाशी पाणी साठतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर ताडपत्री, दोन फळ्या, बादल्या आणि दोर हे सामान मंडळीच्या खोलीत एका जागी बांधून ठेवलेलं असतं. तरुण मुलं आधी जाऊन पाणी उपसतात. घरचे लोक कबरीपाशी पोचतात तेव्हा त्यांना तो चिखल दिसू नये, एवढं बघायचं.

घरी बायकांचं काम असतं. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारून चहा, दुपारी पिठलं-भाकरी किंवा खिचडी, लांबून आलेल्यांना पाणी, अंगणात सतरंज्या, लहान मुलांना कुणाच्या तरी घरी नेऊन खाऊ घालणं, झोपवणं. या शेवटच्या कामासाठी नवीन कुटुंबातल्या एखाद्या आईने पुढे व्हावं. तिची ओळख नसली तरी मुलं लहान मुलांत रमतात.

मयताची नोंद महापालिकेत एकवीस दिवसांच्या आत करायची असते. घरच्यांना त्याचं भान नसतं, म्हणून एकाने ते अंगावर घ्यावं आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून आणाव्यात. बँक, विमा, पेन्शन, घरपट्टी, सगळीकडे लागतात. विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन लागू असेल तर अर्ज, काहीच आधार नसेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलदार कार्यालयात.

चौथ्या दिवसापासून घर रिकामं होतं. वहीत म्हणूनच तारखा लिहून ठेवायच्या: पंधरा दिवस, चाळीस दिवस, पहिला नाताळ, पहिला ईस्टर. ईस्टरच्या पहाटे बरीच मंडळी दफनभूमीत जमते, त्या वेळी या घरच्यांना घ्यायला गाडी पाठवायची.

पूर आला तर

हे कृष्णेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण नव्याने आलेल्याला सांगावं लागतं. कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा मोठा पूर आला. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या सखल भागांत पाणी आधी शिरतं, मिरजेत कृष्णाघाटावर. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की आम्ही वही काढतो आणि त्या भागातल्या घरांना फोन लावतो: अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर कोण, कागदपत्रं कुठे आहेत. पाणी दारात आल्यावर फोन लागत नाहीत.

चर्चचा हॉल उघडायचा तो प्रशासनाला कळवून. रात्री झोपायला बायका-मुलं एका खोलीत, पुरुष दुसऱ्या खोलीत. गोळ्या चालू असलेल्यांची यादी पहिल्याच संध्याकाळी करायची, कारण शुगर-बीपीची औषधं घरातच राहिलेली असतात.

बाहेरगावहून मदत विचारणाऱ्यांना जुने कपडे पाठवू नका असं स्पष्ट सांगा. ढिगारे साठतात आणि ते उचलायलाच माणसं लागतात. हवे असतात ते नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, टॉवेल, मेणबत्त्या, कोरडा शिधा. आणि पूर ओसरल्यावर, टीव्हीवाले निघून गेल्यावर, खरं काम सुरू होतं. घरात घोटाभर गाळ असतो. फावडी, खराटे, गमबूट, हातमोजे, पाण्याचा पंप, ब्लीचिंग पावडर घेऊन आठ-दहा जणांची टोळी रोज चार घरं धुऊ शकते. आधी एकट्या म्हाताऱ्यांची आणि विधवांची घरं. टोळीत मशिदीतली मुलं, गणेश मंडळाची मुलं, गुरुद्वाऱ्याकडून आलेली माणसं, सगळ्यांबरोबर काम करायचं असतं. कुणाचा बॅनर वर, हा विषय काढायचा नाही. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, आणि गाळात काम केल्यावर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा अंगावर काढायचा आजार नाही.

फॉर्म भरून देण्याची शनिवारची बैठक

दिसायला साधं, पण याच्याइतका उपयोग थोड्या गोष्टींचा होतो. शाळा सुरू झाल्यावर हॉलमध्ये दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर ठेवून बसायचं. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याची तयारी, आधारला बँक खातं जोडलंय का ते बघणं, निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज. ख्रिस्ती समाज अधिसूचित अल्पसंख्याक आहे हे आपल्याच लोकांना माहीत नसतं आणि त्यासाठीच्या शिष्यवृत्त्या राहून जातात. बैठक सगळ्यांना खुली ठेवा. वस्तीतल्या कुठल्याही मुलाचा अर्ज राहता कामा नये. ओटीपी मात्र ज्याचा त्याने टाकायचा, कुणाचा पासवर्ड कागदावर उतरवून ठेवायचा नाही.

पैसा

अर्पण, मासिक वर्गणी, दशांश हे ज्याच्या त्याच्या मनावर. मदतनिधीला दिलं तर पावती घ्या, कुणाच्या हातात नुसतं देऊ नका. नवीन असलात तरी वार्षिक सभेत हिशेब मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर लेखापरीक्षण झालेला हिशेब असायलाच हवा. दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, ते दोघे एका घरातले नसावेत, आणि आकडा तिथल्या तिथे लिहून सह्या करायच्या. सरळ माणसांनाच या नियमांचा आधार वाटतो.

निधी जमवण्याचा सगळ्यात आनंदाचा दिवस हार्वेस्टचा, म्हणजे सुगीच्या सणाचा. उपासनेला येताना जो तो आपल्या कष्टाचं काहीतरी आणतो. इथे वेदीपुढे हळकुंडांची पिशवी, गुळाची ढेप, बेदाण्याचा डबा, ऊस, ज्वारी, भोपळे, जिवंत कोंबडा, आणि शेत नसलेल्या घरांतून करंज्या आणि लोकरीचे स्वेटर. मग आवारात लिलाव. एक नारळ कुणी घेतो, लगेच परत देतो, पुन्हा बोली लागते, असं चार-पाच वेळा होतं आणि तेवढ्यावर एखाद्या मुलाची वर्षाची फी निघते. नव्या माणसाने त्या दिवशी बोली लिहून घ्यायला बसावं. दुपारपर्यंत सगळ्या मंडळीची नावं पाठ होतात.

बदलीची ऑर्डर आली की

मुक्काम हलणार हे कळल्याबरोबर सेक्रेटरींना सांगा, शेवटच्या रविवारची वाट बघू नका. सभासदत्वाचं पत्र, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती घ्या. तुमच्याकडे घरभेटीची जी घरं असतील, तिथे नवीन माणसाला घेऊन स्वतः एकदा जा आणि ओळख करून द्या. आजींच्या गोळ्या कुठल्या केंद्रातून आणायच्या, कुणाला फोन ऐकू येत नाही म्हणून दारच वाजवावं लागतं, कुठल्या घरात कुत्रं आहे, हे सगळं त्याला वाटेत सांगा. वही सेक्रेटरींकडे जमा करा आणि शेवटच्या रकान्यात जिथे जिथे तुमचं नाव आहे, तिथे नव्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या.